घरचे नियम आधी ठरवा, डेक मग बांधा

मेंढीकोट घ्या, बदाम सात घ्या नाहीतर पाच-तीन-दोन, प्रत्येक घरचे नियम वेगळे आणि त्यावरून कुणाचं बिनसत नाही. कारण तिथे कॅट एकच असतो, नियम बदलला तर सगळ्यांना सारखाच बदलतो. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येक जण आपला डेक, म्हणजे स्वतः निवडलेल्या कार्डांचा संच, घरून बांधून आणतो. तिथे टेबलावर बसल्यावर नियम बदलला की एकाचा डेक जागच्या जागी मरतो आणि दुसऱ्याला आयता फायदा मिळतो. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मॅजिक किंवा पोकेमॉन खेळणाऱ्या ग्रुपमध्ये भांडणं होतात ती बहुतेक यावरूनच. म्हणून माझं ठाम मत आहे: नियम आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करा, आणि त्या नियमांचा हिशोब करून डेक नव्याने बांधा. नुसती दोन-चार कार्डं इकडची तिकडे करून भागत नाही.

सगळ्यात आवडता घरचा नियम म्हणजे ‘एका नावाचं एकच कार्ड’. नियम चांगला आहे, खिशाला परवडतो, प्रत्येक डाव वेगळा होतो. पण त्याने गणित किती हलतं ते बघा. मॅजिकमध्ये ६० कार्डांच्या डेकमध्ये एका कार्डाच्या ४ प्रती असतील, तर पहिल्या ७ पत्त्यांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के असते. एकच प्रत असेल तर ती साधारण १२ टक्क्यांवर येते. म्हणजे ‘हे कार्ड आलं की जिंकलो’ असा डेक या नियमात चालणारच नाही. इथे कार्डं नाही, कामं मोजायची. समोरच्याचं क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड) उडवणारी ८ वेगवेगळी कार्डं ठेवलीत तर त्यातलं एक तरी सुरुवातीच्या हातात असण्याची शक्यता ६५ टक्के होते. ६० च्या डेकसाठी मी सांगेन तो साचा असा: २४ लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी ताकद देणारी कार्डं), १६ क्रीचर, ८ उडवणारी, ६ पत्ते ओढणारी आणि ६ डाव संपवणारी. यात बेस्ट कार्ड कुठलं याला महत्त्व नाही. महागडं कार्ड नसेल तर त्याच कामाचं अर्ध्या ताकदीचं स्वस्त कार्ड टाका, पण आकडा खाली आणू नका. आणि नियमात ‘बेसिक लँड सोडून’ (म्हणजे साधे लँड कितीही चालतील) हे शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर कुणीतरी हमखास वाद घालतं.

पोकेमॉनमध्ये हाच नियम जास्त बोचतो. तिथे सुरुवातीच्या ७ पत्त्यांत बेसिक पोकेमॉन (थेट मैदानात उतरवता येणारा) नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला जादा पत्ता ओढता येतो. डेकमध्ये ८ बेसिक असतील तर तीनातल्या एका डावात ही वेळ येते. १२ ठेवले तर पाचातल्या एका डावात. एकेकच प्रत ठेवायची असेल तर १२ च्या खाली जाऊ नका. शिवाय ६ कार्डं प्राइझ म्हणून उपडी पडलेली असतात (समोरच्याचा पोकेमॉन नॉकआउट केला की त्यातलं उचलायचं, सगळी उचलली की जिंकलात), त्यामुळे तुमचं एकुलतं एक महत्त्वाचं कार्ड दहातल्या एका डावात तिथेच अडकून बसणार. एका कार्डावर उभा राहणारा डेक इथे बांधायचाच नाही. डाव लवकर संपावा म्हणून काही ग्रुप प्राइझ ६ ची ४ करतात. त्यात एक खोच आहे. साधे पोकेमॉन खेळणाऱ्याला हरवायला ६ नॉकआउट लागायचे तिथे ४ लागतात, नॉकआउट झाल्यावर दोन प्राइझ देणाऱ्या ताकदवान ईएक्स पोकेमॉनवाल्याला ३ च्या जागी २. पण तीन प्राइझ देणारे व्हीमॅक्स पोकेमॉन खेळणाऱ्याला हरवायला आधीही २ लागायचे आणि आताही २ च. म्हणजे सगळ्यात दांडग्या डेकचं काहीच जात नाही. चार प्राइझ ठेवायच्याच असतील तर त्यासोबत व्हीमॅक्स बंद करा.

यू-गी-ओबद्दल एवढंच: कार्टूनमध्ये पाहिलं म्हणून ८००० ऐवजी ४००० लाइफ पॉइंटवर खेळू नका. आजची कार्डं त्या आकड्यासाठी बनलेली नाहीत, पहिल्या एक-दोन पाळ्यांतच डाव आटोपतो.

आता लँडचं. मॅजिकमध्ये लँड न येणं किंवा नुसते लँड येत राहणं याला वैतागून बरेच जण लँडचा ढीग वेगळा करतात आणि दर वेळी कुठल्या ढिगातून ओढायचं ते खेळणाऱ्यावर सोडतात. माझा या नियमाला विरोध आहे. स्वस्त कार्डांचा झपाट्याने मारा करणारा डेक तीन लँड घेतो आणि नंतर फक्त हल्ल्याची कार्डं ओढत राहतो, त्याचा एकही पत्ता वाया जात नाही. लँड शोधून आणणाऱ्या कार्डांची किंमत शून्य होते. मूळ खेळात लँडचा धोका हाच त्या डेकला लगाम होता, तो तुम्ही काढून घेतलात. त्यापेक्षा पहिला मुलिगन फुकट द्या: सात पत्ते परत, पिसा, पुन्हा सात घ्या. चार जणांच्या डावात अधिकृत नियमही हाच आहे. दुसऱ्या मुलिगनपासून सात ओढून एक पत्ता डेकच्या तळाशी, तिसऱ्याला दोन. तक्रारीतला मोठा भाग एवढ्यानेच मिटतो, आणि उरलेला नीट पिसल्याने. ६० पत्ते रिफल करून (दोन अर्धे एकमेकांत गुंफून) किमान सात-आठ वेळा पिसावे लागतात. दोनदा वरवर फेटून लँडचे गठ्ठे तसेच राहतात आणि दोष नशिबाला जातो.

चौघं मिळून मॅजिक खेळताना लाइफ (शून्यावर आलं की खेळाडू बाद, तो आकडा) वाढवलं की झपाट्याचा डेक मार खातो हे उघड आहे, पण किती ते लक्षात घ्या. दोघांच्या डावात त्याला २० चं नुकसान करायचं असतं, चौघांत ४० लाइफवर तिघांचं मिळून १२०. आज कमांडर म्हणून जगभर खेळला जाणारा प्रकार मुळात खेळाडूंनीच घडवला, त्यासाठीचे तयार डेक कंपनीने २०११ मध्ये काढले. १०० कार्डं, एका नावाचं एक, ४० लाइफ, आणि एकाच कमांडरच्या (डेकचा म्होरक्या असलेल्या खास कार्डाच्या) हल्ल्यांतून मिळून २१ नुकसान झालं तर बाद. ती २१ ची अट लाइफ वाढवल्याचा तोल सांभाळायला आहे. आपण नुसतं लाइफ वाढवतो आणि असा दुसरा दरवाजा ठेवत नाही, मग डाव रेंगाळतो. ६० च्या डेकने चौघं खेळणार असाल तर ३० वर थांबा.

महागड्या कार्डांवर बंदीची यादी काढू नका. ज्याने पैसे मोजून ते कार्ड घेतलंय तो दुखावतो आणि यादी दर रविवारी वाढत जाते. कॅनेडियन हायलँडर नावाच्या प्रकारात तापदायक कार्डांना गुण दिलेले असतात आणि १०० कार्डांच्या डेकमध्ये मिळून १० गुणांपर्यंतच घेता येतात. आपल्या ग्रुपला ५ गुण पुरतात. ज्या कार्डाचा त्रास होतो त्याला १ ते ३ गुण लावा, यादी तीन महिन्यांतून एकदाच उघडा, आणि ज्याने डाव गमावला त्याच्या सांगण्यावरून त्याच दिवशी कधीही बदल करू नका. पैशांची मर्यादा ठेवायची असेल, समजा १५०० रुपये, तर भाव कुठल्या तारखेचा धरायचा ते लिहा आणि पाठवणीचा खर्च त्यात धरू नका.

ग्रुप अर्धा ठाण्यात, अर्धा नेरूळ-सीवूड्सला, आणि रविवारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक, अशा मंडळींना मी क्यूबच सुचवेन, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा कार्डांचा एकच साठा. एकाच डब्यात १८० वेगवेगळी कार्डं: पाच रंगांची प्रत्येकी ३०, दोन रंगांची १५, बिनरंगी १५. चौघांना प्रत्येकी १५-१५ चे तीन गठ्ठे, प्रत्येकाने एक कार्ड उचलून गठ्ठा शेजारी सरकवायचा, असं कार्डं संपेपर्यंत. मग उचललेल्यांतली २३ कार्डं आणि १७ लँड असा ४० चा डेक. पाचही बेसिक लँड प्रत्येकी २० ठेवा, एकूण ६८ च लागत असले तरी दोघं-तिघं एकाच रंगावर आले की तो रंग कमी पडतो. घरून कुणी काही आणायचं नाही, त्यामुळे मेंढीकोटसारखीच सगळ्यांना समान संधी.

शेवटचं म्हणजे कार्डांची अवस्था. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत फॉइल कार्डं वाकतात, कारण कागद ओल धरतो आणि वरचा चकचकीत थर धरत नाही. वाकलेलं कार्ड डेकमध्ये वरूनच ओळखू येतं, तेव्हा जून ते सप्टेंबर फॉइल बंद ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी सोनेरी पोकेमॉन कार्डं तर त्याहून घातक. प्लास्टिकची, ताठ, निसरडी, स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घातली तरी पिसताना डेक नेमका तिथेच दुभंगतो, आणि त्यावरचे आकडेही मनाला येतील तसे छापलेले असतात. ती कुणा लहान भावंडाची असतील तर त्याला हाकलू नका, खऱ्या कार्डाची प्रॉक्सी (कागदावर छापलेली नक्कल) करून द्या. कार्डाचा आकार ६३ गुणिले ८८ मिलिमीटर, एका ए-४ कागदावर नऊ बसतात. प्रिंट काढताना झेरॉक्सवाल्याला ‘शंभर टक्के साइज’ सांगा, ‘फिट टू पेज’ ठेवलं तर कार्ड लहान होतं आणि स्लीव्हमध्ये हलत राहतं. कापलेला कागद जुन्या एनर्जी कार्डाच्या पुढ्यात ठेवून दोन्ही मिळून एकाच स्लीव्हमध्ये घाला. अख्ख्या डेकला मागून अपारदर्शक असे एकाच पाकिटातले स्लीव्ह हवेत, वेगवेगळ्या पाकिटांतल्या स्लीव्हच्या रंगात किंचित फरक असतो. आणि ६० साठी ६५ तरी घ्या, पिसता पिसता दोन-चार कडेला फाटतातच.