'एक्स्क्लुझिव्ह गेममुळं गिऱ्हाइकाचंच भलं', म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'एक्स्क्लुझिव्ह गेम हवेतच. कंपन्यांत चुरस लागते, गेम भारी बनतात. परवडत नसेल तर थांबा, शेवटी सगळं पीसीवर येतंच.' एक्स्क्लुझिव्ह म्हणजे एकाच कंपनीच्या मशीनवर किंवा दुकानात मिळणारा गेम. लातूरच्या ट्यूशन एरियात माझं चार टीव्हींचं गेम पार्लर आहे, तेव्हा राहवलं नाही.

चुरस लागते, हे अर्धं खरं. निन्टेंडो या गेम-मशीनवाल्या जपानी कंपनीनं पैसा घातला म्हणून 'बेयोनेटा २' झाला. तो त्यांनी आपल्याकडंच ठेवला तर माझी तक्रार नाही. पण 'मेट्रो एक्सोडस' हा गेम स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आगाऊ विकायला लागला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये बाजारात यायच्या ऐन तोंडावर तो वर्षभरासाठी एपिकच्या, म्हणजे स्पर्धक दुकानात गेला. विक्रीतून स्टीम ३० टक्के कमिशन कापायचं, एपिक १२. ही खरी चुरस, मान्य. पण ती कमी कमिशनच्या जोरावर लढा ना, गेम अडवून कशाला? मायक्रोसॉफ्टनं तर २०२१ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला 'स्कायरिम' बनवणाऱ्या बेथेस्डाची मालक कंपनीच घेतली. 'स्कायरिम' सोनीच्या प्लेस्टेशनवर खेळलेली पोरं बेथेस्डाचाच 'स्टारफिल्ड' आला तेव्हा बाहेरच राहिली. यात गेम भारी कुठं झाला?

आता 'थांबा'. प्लेस्टेशनचा 'गॉड ऑफ वॉर' एप्रिल २०१८ चा, पीसीवर आला जानेवारी २०२२ मध्ये. तेव्हा आठवीत गेलेलं लेकरू तोवर अकरावीला, नीटच्या क्लाससाठी माझ्याच गल्लीत खोली करून राहायला आलेलं. बरं, तो पीसी काय फुकट येतो? ग्राफिक्स कार्डाचा भाव विचारून बघा. आणि निन्टेंडोचे मोठे गेम तर पीसीवर येतच नाहीत.

परवडण्याचं म्हणाल तर पीएस५ (प्लेस्टेशन ५) भारतात २०२१ मध्ये आला तो ४९,९९० रुपयांना. एक घेताना माझा जीव वर-खाली झाला होता. औशाचा एक पोरगा रोज यायचा. "काका, फोर्झा लावा की."

"ती गाड्यांची शर्यत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर असती रे."

"मग एक्सबॉक्स घ्या!"

मी गुमान फिफा लावून द्यायचो. रिमोटचं आर-टू बटण चिकटलेलं, तेवढ्यावरच तो गडी तासभर काढायचा.

'फोर्झा होरायझन ५' नोव्हेंबर २०२१ ची. पीएस५ वर ती एप्रिल २०२५ मध्ये आली, आणि आणली खुद्द मायक्रोसॉफ्टनंच. 'फायनल फँटसी'वाल्या स्क्वेअर एनिक्सनंही २०२४ मध्ये जाहीर केलं की यापुढं गेम जास्तीत जास्त मशीनवर काढू. मेसेजवाल्या भाऊंनी आपला मेसेज या कंपन्यांनाही फॉरवर्ड करावा.