फ्रीजच्या जाळीचा ऑइल कूलर आणि ४० अंशांची गोष्ट

उन्हाळा तापला की कोल्हापुरात एक दावा या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरायला लागतो. भंगारातली फ्रीजची जाळी घ्या, पेट्रोलच्या पाइपानं मोटारसायकलच्या इंजिनाला जोडा, क्लिपा आवळा, पाचशे रुपयांत ऑइल कूलर, म्हणजे इंजिनातलं तेल वाऱ्यावर गार करणारी जाळी, तयार. इंजिन ४० अंशांनी थंड, ॲव्हरेज वाढतं, ऑइल दुप्पट चालतं, आणि १०० ते १५० सीसीच्या कुठल्याही गाडीला बसतं म्हणे. मुळात कल्पना खोटी नाही. पल्सर २२० आणि हिमालयन ४११ या गाड्यांना कंपनीनंच कूलर दिलेला आहे. घोडं पेंड खातं ते जोडणीत.

आधी जाळी. ती उष्णता टाकण्यासाठीच असते हे खरं, पण गॅसची. नळीचा बाहेरचा व्यास बहुधा पाच मिमीच्या आसपास, लांबी कित्येक मीटर, आणि फ्रीजमागच्या काळ्या जाळ्या बहुतेक लोखंडी असतात, तांब्याच्या नव्हेत. घट्ट तेलाचा प्रवाह नळीच्या आतल्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच दाबाला तेल सोळावा हिस्साच जातं. गुऱ्हाळावरची काकवी स्ट्रॉनं ओढून बघा. थंडीतल्या पहाटे २०डब्ल्यू ५० हे घट्ट जातीचं ऑइल त्याच वळणावर जातं.

“हेडकडे जाणारी ऑइल लाइन तोडून मध्ये जाळी जोडा.” त्या दाव्यातलं सगळ्यात घातक वाक्य हे. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. एक तर अनेक गाड्यांना अशी लाइन बाहेर दिसतच नाही. स्प्लेंडरसारख्या आडव्या इंजिनात तेल सिलिंडरच्या स्टडलगतच्या भोकातून वर चढतं. जिथं लाइन बाहेर आहे, तिथं तीच कॅमशाफ्ट आणि रॉकरचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, एकमेव आधार. तिच्यात बारीक जाळी घातली की थंड इंजिनात वर तेल उशिरा आणि कमी पोचतं. खालचं इंजिन गार, वर कॅम चरलेला, असा हा सौदा.

काही जण त्यावर तोडगा सांगतात: लाइन तोडू नका, फक्त टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावा आणि कूलरचं तेल परत ऑइल भरायच्या झाकणातून सोडा. हेही तितकंच फसवं. तेल सोपी वाट धरतं. परतीच्या पाइपाला अडथळा नाही, म्हणून ते तिकडून खाली पळतं आणि बेअरिंगांचा दाब पडतो. पंप दर फेऱ्याला ठरलेलंच तेल ढकलतो, जास्तीचं कुठून आणणार? टी लावायचीच असेल तर कूलरच्या फाट्यात प्रवाह रोखणारा बारीक भोकाचा जेट हवा. आधी छोटं भोक, हेडला तेल पुरतंय हे टॅपेट कव्हर उघडून पाहायचं, मगच मोठं करायचं.

त्यापेक्षा नीट वाट म्हणजे पंपाच्या पुढं, फिल्टरच्या कव्हरातून तेल बाहेर काढून तिथंच परत आणणं, पाइपाचा आतला व्यास ८ मिमी ठेवून. कव्हर उतरवून उद्यमनगरात लेथवाल्याकडून भोक आणि आटे पाडून घ्या, गाडीवर ड्रिल चालवू नका. ड्रिलचा धातूचा कीस आत गेला तर पंपच खाईल. एम १० बाय १ आणि १/८ बीएसपी हे आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिला १० मिमी, दुसरा ९.७३ मिमी आणि इंचाला २८ आटे. एकात दुसरा दोन फेरे जातो, मग ॲल्युमिनियम सोलून निघतं. आटे मोजायची पट्टी, पिच गेज, लावाच. तेल आतून वाहू देणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घाला. टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे तेलाच्या वाटेत अडकतात.

पेट्रोलचा पाइप? ऑइल ११०–१२० अंशांवर जातं, तिथं साधा रबरी पाइप मऊ पडतो आणि क्लिपखालून सुटतो. सुटलेलं तेल दोनच ठिकाणी जातं, सायलेन्सरवर नाहीतर मागच्या टायरवर. स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉनचा होज घ्या, टोकं प्रेस करून घ्या. हायड्रॉलिक होजवाले शिरोलीत भेटतात. पण साधा हायड्रॉलिक होज बऱ्याचदा १०० अंशांपर्यंतचाच असतो, तेव्हा आकडा विचारून घ्या.

आता ते ४० अंश. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली की खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते, शिवाय अशी मापं कूलरच्या परतीच्या पाइपावर घेतलेली असतात. बघायचंय ते खालच्या साठ्यातलं तापमान. ड्रेन बोल्टवर के टाइप प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, बांधा, गगनबावड्यापर्यंत तीच गाडी, तोच वेग, कूलर लावून आणि कूलर काढून. ९० ते ११० अंशांत असेल तर कूलरची गरजच नाही. रंकाळा ते शाहूपुरी एवढ्याच फेऱ्या असतील तर उलट तोटा. ऑइल ८० लाही पोचत नाही, आतलं पाणी आणि पेट्रोल उडत नाही, झाकणाखाली दुधाळ साय धरते. घट्ट तेलानं ॲव्हरेज वाढत नाही, घटतं.

महाद्वार रोडच्या गर्दीत तर कूलर नुसता लटकतो. वारा नाही, तर गारवा कसला!

ऑइल दुप्पट चालण्याचंही तसंच. गिअर आणि क्लच त्याच तेलात बुडालेले. गिअर तेलाची घट्टी मोडतात, क्लचचा चुरा मिसळतो. कूलर यातलं काहीच गाळत नाही.

गाडी खरंच तापत असेल तर आधी फिनमधला चिखल काढा, टॅपेट, ब्रेक ओढतो का, क्लच घसरतो का, मिक्श्चर पातळ आहे का हे बघा. एवढं करूनही कूलर हवा असेल तर पल्सर २२० चा तयार कूलर घ्या. जुना असला तर दोन्ही दिशांनी डिझेलनं धुवा, कारण फुटक्या इंजिनाचा चुरा त्यात बसलेला असू शकतो. मग एक तोंड बंद करून पंक्चरवाल्याच्या हवेनं ६० पीएसआय भरा आणि पाण्यात बुडवून बुडबुडे बघा. रबरी बुशवर बसवा, हेडचा वारा अडणार नाही असा बाजूला, आणि पुढचा शॉक पूर्ण दबल्यावर मडगार्ड लागत नाही ना ते बघून. कूलर आणि पाइप मिळून १५०–२०० मिली तेल जास्त लागतं. कूलर आधीच भरून घ्या, प्लग काढून किक मारत राहा, आणि हेडला तेल दिसल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पहिल्या पन्नास किमीनंतर बॅन्जो पुन्हा तपासा, ऑइलची पातळीही.