आयव्हरमेक्टिन आणि 'गाळलेले' अभ्यास

आयव्हरमेक्टिन हे परजीवी जंतांवरचे औषध कोविडवर गुणकारी असल्याचे साठहून अधिक अभ्यासांनी दाखवले होते, परंतु पद्धतशीर आढावा (एका प्रश्नावरचे सर्व अभ्यास ठरलेल्या रीतीने गोळा करून तपासणे) घेणाऱ्यांनी दर्जाचे निमित्त करून गैरसोयीचे अभ्यास गाळले, असा मजकूर अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतो. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना हे औषध प्रतिबंधक म्हणून देण्याची घोषणा केली होती. त्यामुळे आपल्याकडे हा वाद परका नाही.

पहिला मुद्दा संख्येचा. मेटा-विश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून सरासरी परिणाम काढताना, अभ्यासांची डोकी मोजली जात नाहीत. ज्यात रुग्ण आणि मृत्यू अधिक, त्याला वजन अधिक, म्हणून एकच सदोष अभ्यास सगळी सरासरी स्वतःकडे ओढू शकतो. इजिप्तच्या बेन्हा विद्यापीठातील अभ्यासाने मृत्यू ९० टक्क्यांपर्यंत घटल्याचे म्हटले होते. लंडनमधील एका विद्यार्थ्याने त्यातील मूळ नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा काही रुग्ण अभ्यास सुरू होण्यापूर्वीच दगावलेले निघाले, आणि जुलै २०२१ मध्ये तो निबंध हटवण्यात आला. तो अभ्यास धरून मृत्यूंत ५६ टक्के घट दाखवणारे संशोधक अँड्र्यू हिल यांचे मेटा-विश्लेषणही मागे घेतले गेले. सुधारित आवृत्तीत, पूर्वग्रहाचा धोका (रचनेतील दोषांमुळे निष्कर्ष एका बाजूला झुकण्याची शक्यता) कमी असलेल्या चाचण्यांपुरता विचार करता, मृत्यूंबाबतचा लाभ उरला नाही.

'गैरसोयीचे तेवढे गाळले' हा आरोप अधिक गंभीर आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या जुलै २०२१ च्या आढाव्यात १४ चाचण्या होत्या. २०२२ च्या आवृत्तीत त्यांतील सात वगळल्या गेल्या. त्यासाठीचे विश्वासार्हतेचे निकष पहिल्या आढाव्यानंतर लावले गेले, हे मान्य करायला हवे. परंतु सहा चाचण्यांची पूर्वनोंदणी (चाचणीआधीच तिचा आराखडा जाहीर नोंदवणे) झालेली नव्हती आणि सातवीत रुग्णांची वाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नव्हती, म्हणून त्या गेल्या. औषध लागू पडले की नाही, हे पाहून कोणतीही कारणे ठरलेली नाहीत.

दर्जा ठरवणे ही व्यक्तिसापेक्ष मनमानी आहे, या आक्षेपात मात्र तथ्याचा अंश आहे. १९९९ मध्ये हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या १७ चाचण्यांना २५ निरनिराळ्या गुणपट्ट्या लावून पाहिल्या, तेव्हा कोणती पट्टी वापरली यावर निष्कर्ष बदलत गेला. म्हणूनच कॉक्रेनने एकत्रित गुण देणे टाळले. आज दोन परीक्षक स्वतंत्रपणे यादृच्छिक वाटणी, ठरलेल्या उपचारापासून झालेली फारकत, गहाळ माहिती, परिणामांचे मोजमाप आणि निष्कर्ष निवडून मांडणे हे पाच विभाग तपासतात, प्रत्येकाबाबतचे कारण लिहून ठेवतात व मतभेद चर्चेने सोडवतात. वाचकाला ते कारण पटले नाही, तर तो नेमके बोट ठेवू शकतो.

या पद्धतीची खरी उणीव आरोपाच्या उलट दिशेला आहे. ती निबंधात लिहिलेले खरे मानून चालते. अभ्यासापूर्वीच मरण पावलेले रुग्ण कोणत्याही प्रश्नावलीला दिसले नसते, ते नोंदी उघडल्यावरच दिसले.