तारीख पडते, मूल वाढतं

मुलाच्या ताब्याची एखादी बातमी आली की दोन पक्ष ठरलेले. एक म्हणतो, कायदा बायकांचाच. दुसरा म्हणतो, बापाला पोर हवंय ते पोटगी चुकवायला. मला आता दोन्हींचा कंटाळा आलाय.

कायदा बायकांचा म्हणावा, तर 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं नाव घेतो. वडील हयात असतानाही आई पालक असू शकते, हे सुप्रीम कोर्टाला 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सांगावं लागलं. निमित्त काय, तर मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते आणि अर्जावर वडिलांची सही मागितली गेली. तोच कायदा म्हणतो, पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे असावं. म्हणजे कागदावर बाप, कडेवर आई! गोव्यातल्या एका प्रकरणात आईकडे दिलेला ताबा हायकोर्टाने फिरवला, तेव्हा 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो परत आईला दिला. एवढ्या लहान मुलासाठी आईने आपली लायकी सिद्ध करायची नाही, ती नालायक आहे हे बापाने दाखवायचं, असं बजावलं. आणि या सगळ्यावर मुलाचं हित. ते सर्वोच्च.

हे सगळं ठीकच आहे. माझं भांडण वेळेशी आहे.

दिल्लीचं एक प्रकरण बघा. मुलगी पावणेदोन वर्षांची असल्यापासून वडिलांकडे. सुप्रीम कोर्टाचा निकाल 2017 मध्ये आला, तेव्हा ती आठ वर्षांची. साहजिकच तिला वडिलांकडेच राहायचं होतं. कोर्टाने ते ऐकलं आणि तरी आईकडे पाठवलं. म्हणणं असं, की आईचा सहवास तिला मिळालेलाच नाही, मग ती तुलना कशी करणार? तर्क मला पटतो. पण त्या पोरीच्या जागी उभं राहून बघा. अख्खं बालपण कज्ज्यात गेलं, आणि कज्जा संपला तेव्हा ओळखीचं घर सुटलं.

आपल्याकडे अंतिम निकालाआधीच बहुतेक गोष्टी ठरून जातात. ज्याच्याकडे मूल पहिल्यांदा गेलं, त्याच्याकडे ते रुळतं. शाळा तिथली, मित्र तिथले. मग ‘आता हलवू नका’ हाच युक्तिवाद होतो. ज्याचा फायदा आहे तो तारखा घेत राहतो. वकील आजारी, पक्षकार गावाला, साहेब रजेवर.

माझा मामेभाऊ शनिवारी फॅमिली कोर्टात मुलाला भेटतो. मुलांच्या खोलीत घसरगुंडी, चाक निघालेली गाडी, दारात बाकावर बसलेली आजी. मागे त्याने मुलासाठी बूट नेले. पायात शिरेनात. माप त्याला माहीत नव्हतं, आणि विचारणार कुणाला? मुलगा बूट हातात घेऊन बसला होता, परत द्यायला तयार नव्हता. माझी वहिनी वाईट बाई नाही, हेही सांगते. त्याने मध्ये काही महिने पोटगी थकवली होती, तो राग ती भेटीवर काढते. आणि याचं म्हणणं, भेटू देत नाही तर पैसे का द्यायचे? दोघंही चूक. पोटगी आणि भेट हा व्यवहार नाही, दोन्ही मुलाचे हक्क आहेत.

2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं तरी बोलता यावं, व्हिडिओ कॉलवर का होईना. किती जणांच्या आदेशात हे लिहिलेलं असतं? मागितल्याशिवाय कोण देणार?

2015 मध्ये विधी आयोगाने, म्हणजे कायद्यात काय बदलावं हे सरकारला सुचवणाऱ्या मंडळाने, 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल दोघांच्याही ताब्यात असण्याची, शिफारस केली. अध्यक्ष होते आपल्या सोलापूरचे न्यायमूर्ती अजित शहा. मूळ कायद्यातलं ते ‘आधी वडील’ मात्र अजून तसंच आहे.

त्यामुळे तुमच्या घरात कुणाचं असं चालू असेल, तर अंतिम निकालाची वाट बघू नका. अंतरिम अर्जातच, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या सोयीसाठी करतात त्या अर्जातच, सगळं लिहून मागा: रोजचा फोन किती वाजता, दिवाळीचे अर्धे दिवस, मे महिन्याची सुट्टी, फी कोण भरणार, मुलाला कुठे सोपवायचं, शाळेच्या ग्रुपवर दोघांचे नंबर. ‘सोयीनुसार भेट’ असं मोघम लिहिलेल्या कागदावर सही करू नका. सोय कुणाची, यावर पुढे आणखी एक अर्ज करावा लागतो.