पंचवीस मिनिटांचा टोमॅटो

अभ्यासाआधी वेळापत्रक हवं, यावर आमच्या रूमवर एकमत आहे. वाद असतो तो रंगांचा. एम-थ्रीला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या गणिताला, लाल स्केचपेन की हिरवं, यात परवा जेवणाची वेळ टळून गेली. वेळापत्रक झालं मात्र देखणं! ‘पहाटे ५ : उठणे’ ही ओळ तर चौकटीत. मी पाचला उठत नाही, हे मला, रूममेटला आणि गजरालाही ठाऊक आहे. वेळापत्रकाला तेवढं कुणी सांगितलेलं नाही.

रूमवर मन लागत नाही म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत टेबल घेतलं. शेजारी एमपीएससीवाले दादा. पाठीला उशी, कानात बोळे, पुढ्यात पाण्याची बाटली. ते मान वर करत नाहीत. ते मान कधी वर करतात, हे बघण्यात माझी दुपार जाते.

मग कुणीतरी पोमोडोरो सुचवलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून काढलेली पद्धत : पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी. पंचवीस मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही. पण पाच मिनिटांत आमच्या अभ्यासिकेचा जिना जेमतेम उतरून होतो! खाली अमृततुल्यवर चहा लगेच मिळतो, आणि कप हातात आला रे आला की कुणीतरी विचारतंच, “किती झालं?”

आता हा काय एका शब्दात उत्तर देण्यासारखा प्रश्न आहे? मग हिशेब निघतो. पास व्हायला शंभरात चाळीस. इन्सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, तीसपैकी अकरा पडले, तेव्हा शेवटच्या एण्डसेमला सत्तरात एकोणतीस हवेत. पेपर तपासणारे सर दयाळू निघाले तर पंचवीसचाच अभ्यास पुरे. इतकं मन लावून आम्ही एम-थ्रीचं एकही गणित सोडवत नाही.

पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९५५ मध्ये लिहून ठेवलंय, की जेवढा वेळ द्याल तेवढं काम पसरतं. याचा पुरावा आमच्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री मिळतो. अख्ख्या सेमिस्टरमध्ये न झालेली जर्नल्स जेवणानंतर बसलं की उजाडेपर्यंत पुरी होतात, तीही एकाच्या फाईलवरून चौघांची. तेव्हा काम आटोक्यात ठेवायचं तर त्याला वेळच देऊ नये, हा खरा शास्त्रीय मार्ग.

हे सगळं आईला फोनवर नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली, “मग यंदा फीसुद्धा आदल्या रात्रीच भरू.”