व्हिनेगरने मांजराचा मूत्रविकार बरा होत नाही

मांजरं पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. मांजर सारखं लघवीला बसत असेल, लघवीत रक्त दिसत असेल तर ते युरिन इन्फेक्शन आहे असं समजा. पाण्यात ॲपल सायडर व्हिनेगर घाला, क्रॅनबेरीची पावडर द्या, कोरडं खाणं ताबडतोब बंद करा, एक दिवस उपाशी ठेवा. मागच्या वेळची अँटिबायोटिकची गोळी उरली असेल तर तीही चालेल. चार-पाच दिवसांत मांजर ठणठणीत होईल आणि डॉक्टरांकडच्या अनावश्यक तपासण्यांचा खर्च वाचेल.

हा संदेश पुढे पाठवणारे लोक मांजरांवर माया करणारेच असतात, आणि पैशांची अडचणही खरी असते. हे दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं, दर खेपेला खर्च होतो, माणूस मेटाकुटीला येतो. म्हणूनच या संदेशातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

सुरुवात मात्र त्यात नसलेल्या गोष्टीपासून करतो, कारण जीव तिथे जातो. संदेशात बोका आणि मांजरी हा फरकच केलेला नाही. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट स्राव आणि स्फटिकांचा बोळा तिथे अडकला की लघवी पूर्ण थांबते. मग मूत्राशय तटतटतं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि हृदयाची लय बिघडते. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, कधी त्याच्याही आधी. असा बोका पुन्हा पुन्हा लघवीच्या ट्रेमध्ये जाऊन जोर करतो, पण थेंबभरच येतं किंवा काहीच येत नाही. तो ओरडतो, मागचा भाग सारखा चाटतो, नंतर ओकाऱ्या काढतो आणि मलूल पडतो. पुष्कळांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि ते रेचक देत बसतात. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न तर कधीच करू नये, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. लघवी होत नसलेल्या बोक्याला घरगुती उपाय नाही. रात्र असो की सुट्टीचा दिवस, त्याच घटकेला डॉक्टर गाठायचा. खर्चाच्या हिशेबानेही हेच बरोबर आहे. लवकर नेलेल्या बोक्याचं काम अनेकदा कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) आणि थोड्या सलाईनवर भागतं. उशिरा नेलेल्याला मूत्रपिंडं सावरेपर्यंत दवाखान्यात ठेवावं लागतं.

आता पहिला दावा: "हे इन्फेक्शनच असतं." दहा वर्षांखालच्या मांजरांत बहुतेक वेळा नसतं. या वयात मूत्रविकार घेऊन आलेल्या मांजरांपैकी जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास मांजरांच्या लघवीत खरोखरचा जंतुसंसर्ग सापडतो. निम्म्याहून अधिक मांजरांच्या मूत्राशयाला सूज असते, पण जंतू नसतात, खडा नसतो, दुसरं ठोस कारणही मिळत नाही. याला डॉक्टर इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात. उरलेल्यांत खडे आणि मूत्रमार्गातले बोळे मोठ्या संख्येने असतात. दहा वर्षांपुढच्या मांजरांचं गणित वेगळं आहे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असेल तर त्यांना संसर्ग बऱ्याचदा होतो. पण तिथेही कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे लघवीच्या कल्चरवरूनच, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या तपासणीवरूनच कळतं.

म्हणजे उरलेली अँटिबायोटिकची गोळी बहुतेक तरुण मांजरांत कशावरच काम करत नाही. ज्या थोड्यांना संसर्ग असतो, त्यांच्यात अर्धवट डोसामुळे जंतू निगरगट्ट होतात आणि पुढच्या वेळी महागडं औषध लागतं. याच ओघात माणसांची दुखण्याची गोळी देणारेही भेटतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही विषारी आहे. माणसांच्या लघवीच्या जळजळीवरच्या काही औषधांत मेथिलीन ब्लू असतं, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

दुसरा दावा या सगळ्या संदेशाचा कणा आहे: "चार-पाच दिवसांत गुण येतो." गुण येतो, हे खरंच आहे. लोक खोटं सांगत नाहीत. पण इडिओपॅथिक सिस्टायटिसचा झटका बहुतेक मांजरांत आठवडाभरात आपोआप ओसरतो, औषध द्या किंवा देऊ नका. त्या आठवड्यात जे काही दिलं असेल, त्याच्या खात्यावर यश जमा होतं. व्हिनेगर दिलं असेल तर व्हिनेगर, पावडर दिली असेल तर पावडर, आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर अँटिबायोटिक. ही फसगत फक्त घरगुती उपायांची नाही. या आजारात अँटिबायोटिकचं नाव इतकी वर्षं टिकलं, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे.

याचा पुढचा परिणाम जास्त वाईट. झटका काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येतो, तेव्हा उपायावर शंका घेतली जात नाही. डोस कमी पडला असं वाटतं, आणि तेच पुन्हा, जास्त प्रमाणात दिलं जातं. एखाद्या मांजराच्या मूत्राशयात खडा असेल तर तो या काळात शांतपणे मोठा होत राहतो. म्हणून उपाय चालला का, हे पाच दिवसांवरून ठरवू नका. वर्षभरात झटके किती आले, दोन झटक्यांमधलं अंतर वाढलं का, हे पाहा.

व्हिनेगरमागचा तर्क पूर्ण निराधार नाही. स्ट्रुव्हाईट जातीचे, मॅग्नेशियम असलेले खडे अल्कधर्मी लघवीत बनतात आणि लघवी आम्लधर्मी केली तर विरघळू शकतात. पण मांजराच्या खड्यांची दुसरी मोठी जात कॅल्शियम ऑक्झलेटची आहे. ते खडे आहाराने विरघळत नाहीत, आणि जास्त आम्लधर्मी लघवी त्यांच्या वाढीला पोषकच ठरते. १९८०च्या दशकात मांजरांच्या तयार खाद्यात मॅग्नेशियम कमी करून लघवी आम्लधर्मी राहील अशी रचना झाली. त्यानंतर स्ट्रुव्हाईटचे खडे कमी झाले आणि ऑक्झलेटचे वाढले. आपल्या मांजराच्या पोटात कोणता खडा आहे, किंवा मुळात आहे की नाही, हे ठाऊक नसताना आम्ल घालणं म्हणजे अंधारात दगड मारणं. शिवाय मांसाहारी मांजराची लघवी मुळातच आम्लधर्मी असते, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्याला जादा आम्ल झेपत नाही. सगळ्यात साधी अडचण वेगळीच आहे. व्हिनेगरच्या वासाचं पाणी मांजर पीत नाही. या आजारात जे सर्वात जास्त हवं, तेच आपण तोडतो.

स्ट्रुव्हाईट विरघळवायचा खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे त्यासाठी बनवलेला डॉक्टरांनी सुचवलेला आहार. इतर काहीही तोंडात न जाऊ देता तो दिला तर खडे बऱ्याचदा काही आठवड्यांत विरघळतात आणि शस्त्रक्रियेचा खर्च टळतो. तो महाग वाटला तरी इथे पैसे लावण्यात अर्थ आहे. मध्येच एखादा चविष्ट खाऊ दिला की मात्र सगळं फुकट जातं.

क्रॅनबेरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माणसांत ई. कोलाय जंतूंना मूत्रमार्गाला चिकटू न देण्याशी तिचा संबंध जोडतात. जिथे जंतूच नाहीत तिथे ती काय अडवणार?

"कोरडं खाणं बंद करा, उपाशी ठेवा." यातलं पहिलं अर्ध बरोबर आहे, दुसरं धोक्याचं. कोरड्या खाद्यात पाणी साधारण १० टक्के किंवा त्याहून कमी असतं, ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, भक्ष्यातूनच पाणी मिळवणारे. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि कोरडं खाल्लं तरी ते त्या प्रमाणात पाणी पीत नाही. लघवी घट्ट होते. ती पातळ ठेवणं हा सिस्टायटिस आणि खडे, दोन्हींवरचा सर्वात भक्कम उपाय आहे. पण मांजराचं खाणं एकदम बंद करायचं नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून जीवघेणा आजार होऊ शकतो, आणि जाड मांजराला तर नक्कीच जास्त धोका. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत, हट्टी मांजराला त्याहून सावकाश वळवा.

पैसे कमी असतील तर इथे वाव आहे. खडे नसलेल्या मांजराला साधं, संपूर्ण पोषण देणारं ओलं खाद्यही पाण्याची गरज भागवतं, आणि त्यातही चमचाभर पाणी घालता येतं. तेही परवडत नसेल तर कोरडं खाद्य पाण्यात भिजवून द्या; फार वेळ उघडं मात्र ठेवू नका. पाण्याची पसरट भांडी घरात तीन-चार ठिकाणी, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब ठेवा. मांसाचं साधं उकळलेलं पाणी चालतं, पण कांदा, लसूण आणि मीठ अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराला पंडुरोग होतो.

"तपासण्या अनावश्यक." सगळ्या एकदम करायची गरज नसते, इतकंच यात तथ्य आहे. डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावं की आज इतकाच खर्च झेपेल, यात सर्वात आधी काय करू? यात लाजण्यासारखं काही नाही. वारंवार त्रास होणाऱ्या तरुण मांजरात बहुधा आधी ताज्या लघवीची साधी तपासणी आणि एक एक्स-रे येतो. स्ट्रुव्हाईट आणि ऑक्झलेट, दोन्ही खडे सहसा एक्स-रेवर दिसतात. कल्चर म्हाताऱ्या किंवा इतर आजार असलेल्या मांजरात आधी हवं. लघवी शक्यतो तासाभरात तपासली जाईल असं पाहा, कारण फ्रीजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात नंतरही स्फटिक तयार होतात, आणि नुसते स्फटिक दिसणं म्हणजे आजार नव्हे. निरोगी मांजरांतही ते सापडतात. नुसत्या स्फटिकांच्या आधारावर महिनोन्‌महिने महाग आहार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

आणि दुखणं. ते या संदेशात कुठेच नाही. सुजलेलं मूत्राशय फार ठणकतं. मांजरासाठीचं वेदनाशामक डॉक्टरांकडून मागून घ्या. तुटपुंज्या पैशांतही ते यादीत वर असू द्या.

इडिओपॅथिक सिस्टायटिसमध्ये ताणाचा वाटा मोठा आहे, आणि त्यावरचं काम बरंचसं बिनखर्ची आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टोनी बफिंग्टन यांच्या गटाने २००६मध्ये घरात राहणाऱ्या ४६ मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकांना मांजराचं घरातलं जगणं सुधारायला सांगितलं होतं, आणि पुढच्या महिन्यांत मूत्रविकाराची लक्षणं स्पष्टपणे घटली. करायचं ते असं: मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, तोही मांजराच्या लांबीच्या दीडपट. ट्रे रोज साफ करायचा, आणि सगळे एकाच कोपऱ्यात मांडायचे नाहीत. उंचावर बसायला आणि लपायला जागा हवी, त्यासाठी पुठ्ठ्याचं खोकंही पुरतं. रोज ठरलेल्या वेळी खेळ आणि खाणं. दोन मांजरांचं पटत नसेल तर त्यांची भांडी एकमेकांच्या नजरेआड. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवायचं. घरात पाहुणे, बांधकाम, नवं मूल किंवा नवं मांजर येणार असेल तर त्याआधीच हे सगळं जास्त काटेकोरपणे पाळायचं, कारण झटके बऱ्याचदा अशाच बदलांच्या पाठोपाठ येतात. प्रत्येक झटक्याची तारीख आणि त्याआधी घरात काय बदललं, हे एका कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवा. कोणती तपासणी आधी करायची आणि कोणती टाळता येईल, हे ठरवायला त्यांना त्याचा उपयोग होतो.