नाकाबंदीतून पळताना माणूस मेला, तर गुन्हा कुणाचा?

काल माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिले, "मामा, म्हणजे नाकाबंदी दिसली की निसटलेलेच बरे." त्याला लायसन्स मिळून जेमतेम चार महिने झाले आहेत. मेसेजचे म्हणणे असे: पोलीस मागे लागलेले असताना कुणी चिरडले गेले तर जबाबदारी पाठलाग करणाऱ्या पोलिसांची, मारण्याचा हेतू नसल्याने चालकावर फक्त निष्काळजीपणाचा, जामीनपात्र गुन्हा, आणि अपघातानंतर थांबलात तर नव्या कायद्याने 10 वर्षे कैद व 7 लाख रुपये दंड.

यातला हेतूचा मुद्दा सर्वांत घातक आहे. सदोष मनुष्यवधासाठी हेतूच लागतो असे नाही. आपल्या कृत्याने कुणाचा तरी जीव जाण्याचा संभव आहे, एवढी जाणीवही पुरते. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या चालकाची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. 7 जण मेले, 8 जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचा गुन्हा धरून 6 महिन्यांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र सदोष मनुष्यवध मानून ती 3 वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती कायम ठेवली. सात जिवांसाठी 3 वर्षे मला आजही तोकडी वाटतात. तो चालक पोलिसांपासून पळत नव्हता, हे खरे. पण बॅरिकेड उडवून उलट्या दिशेने बाजारपेठेत गाडी दामटणाऱ्याला समोरची माणसे दिसत नव्हती, असे कोणत्या तोंडाने सांगणार? आज हे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 मध्ये बसू शकते, जिथे जाणीव सिद्ध झाली तरी 10 वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. प्रत्येक अपघाताला ते कलम लागत नाही. वेग, वेळ, गर्दी सगळे तपासले जाते. पण ज्या निष्काळजीपणाला मेसेज "फक्त" म्हणतो, त्यालाही कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

पोलिसांनीही बेदरकारपणे गाडी हाकून कुणाचा जीव घेतला तर तेही गुन्हेगार ठरू शकतात, एवढे मान्य करावे लागेल. पण त्याने पळणाऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही.

राहिले ते 7 लाख. कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात दंडाचा असा आकडाच नाही, आणि ट्रकचालकांच्या जानेवारी 2024 च्या आंदोलनानंतर ते पोटकलम 1 जुलै 2024 ला बाकीच्या संहितेसोबत लागूही झाले नाही. शिवाय त्यातली 10 वर्षे थांबणाऱ्याला नव्हे, न कळवता पळून जाणाऱ्याला होती. मेसेजने नेमके उलटे केले आहे. थांबलो तर जमाव मारेल ही भीती मात्र खोटी नाही, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 134 ती ओळखते. जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे काम. जमाव खवळल्याने ते शक्य नसेल तर सूट आहे, पण 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन घडलेले सांगावेच लागते.